पाचवी कितवी आली? कॉलेजच्या मुलींची क्रॉस कंट्री समजून घेताना

मुलीची कॉलेजच्या क्रॉस कंट्री टीममध्ये निवड झालेली असते, पहिली शर्यत शनिवारी सकाळी असते, आणि गवतावरून, चढउतारांवरून लांब पळण्याचा हा खेळ नेमका कसा जिंकतात हे घरात कुणालाच माहीत नसतं. अमेरिकेतल्या बऱ्याच मराठी घरांत ऑगस्टअखेरीस हेच चालू असतं. हा लेख अशा आईबाबांसाठी आहे. पहिल्या वर्षाच्या मुलींनाही तो उपयोगी पडेल, आणि भारतातून शिष्यवृत्तीवर पळायला येणाऱ्यांना तर नक्कीच. आमच्या भागातल्या कॉलेज शर्यतींसाठी कोर्स, म्हणजे धावण्याचा मार्ग, आखायला मी स्वयंसेवक म्हणून जाते, त्यामुळे अंतराच्या भागावर थोडी जास्त रेंगाळणार आहे. तो भाग फार कुणी समजावून सांगत नाही.

पहिली पायरी: घड्याळ बाजूला ठेवा, क्रमांक मोजा

आपण लगेच विचारतो, ‘किती वेळात आली?’ या खेळात तो प्रश्न दुय्यम आहे.

चॅम्पियनशिपच्या शर्यतीत एका संघाच्या सात मुली धावतात. त्यांतल्या पहिल्या पाच जणींचे क्रमांक मिळवायचे, आणि ज्यांची बेरीज सगळ्यात कमी तो संघ विजयी. पहिली आली तर १ गुण, चाळिसावी आली तर ४०. एकाच संघाच्या मुली पहिल्या पाचही जागांवर आल्या तर बेरीज १५, याहून कमी होऊच शकत नाही. सहावी आणि सातवी यांचे गुण धरत नाहीत. पण त्या दुसऱ्या संघाच्या पाचवीच्या पुढे आल्या, तर तिला मागे ढकलतात आणि त्या संघाची बेरीज वाढवतात.

दोनच संघ आहेत असं समजू. लाल संघाच्या मुली १, ३, ६, ७ आणि १० या क्रमांकांवर आल्या. बेरीज २७. निळा संघ २, ४, ५, ८, ९ वर आला, बेरीज २८. लाल जिंकला. आता निळ्यांच्या पाच जणी होत्या तिथेच ठेवा, फक्त त्यांची सहावी आणि सातवी लालच्या पाचवीच्या पुढे काढा. लालची पाचवी दहावरून बारावर गेली, लालची बेरीज २९ झाली आणि निळा जिंकला. ज्या दोघींचा गुण कुठेच लिहिला गेला नाही, त्यांनी शर्यत फिरवली. आणि दोघींपैकी एकीलाच हे जमलं असतं तर? लालची पाचवी अकरावी, दोन्हीकडे २८. मग दोन्ही संघांची पहिली विरुद्ध पहिली, दुसरी विरुद्ध दुसरी, अशी पाच जणींची जोडीजोडीने तुलना करतात. इथे लाल तीन जोड्यांत पुढे आहे, निळा दोन, म्हणून लाल विजयी. हायस्कूलमध्ये मात्र बरोबरी झाली की सहावीचा क्रमांक बघतात. धाकटी बहीण हायस्कूलमध्ये पळत असेल तर घरात या नियमांवरून वाद होतात, म्हणून सांगितलं.

अजून एक बारीक गोष्ट. काही मुली पूर्ण संघाशिवाय, वैयक्तिक पात्रतेवर धावतात. संघांचे गुण मोजताना त्यांना यादीतून वगळतात आणि बाकीच्यांना नव्याने क्रमांक देतात. त्यामुळे तुमची मुलगी शर्यतीत ५२ वी आली असेल, पण संघासाठी तिचे गुण ४१ असू शकतात. निकालात दोन वेगळे आकडे दिसले तर ती छपाईची चूक नाही.

हे गणित राष्ट्रीय पातळीवर किती अटीतटीला येतं ते पाहा. एनसीएए या अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या संघटनेच्या पहिल्या विभागाची, म्हणजे डिव्हिजन वनची, २०२३ ची महिलांची शर्यत व्हर्जिनियात शार्लट्सव्हिलजवळ पॅनोरमा फार्म्सवर झाली. नॉर्थ कॅरोलायना स्टेटचे गुण १२३, नॉर्दर्न ॲरिझोनाचे १२४. दोन्ही संघांच्या मिळून चौदा मुली धावत होत्या. नॉर्थ कॅरोलायनाच्या पाच जणींपैकी एकीला ॲरिझोनाच्या एखाद्या गुण मिळवणाऱ्या मुलीने शेवटच्या चार पावलांत मागे टाकलं असतं, तरी निकाल उलटला असता. २०१६ मध्येही हेच घडलं होतं: ओरेगन १२५, मिशिगन १२६. आणि २०२४ ला मॅडिसनमध्ये ब्रिगम यंग युनिव्हर्सिटी १४७ गुणांवर राष्ट्रीय विजेती झाली. पाचाने भागा, सरासरी क्रमांक एकोणतिसाच्याही मागे जातो. त्या संघाच्या कोच दिलजीत टेलर पंजाबी घरातल्या आहेत. आपल्या मुलींना हे आवर्जून सांगावंसं वाटतं.

तर पहिल्या आणि पाचव्या मुलीमधल्या अंतराला कोच फार जपतात. ते अर्ध्या मिनिटाच्या आत असेल तर खूश असतात. मात्र नुसतं एकत्र धावणं हे ध्येय नव्हे. पाच जणी हातात हात घालून ८० ते ८४ वर आल्या तर बेरीज ४१० होते. गट पुढे सरकत राहिला तरच त्याचा उपयोग.

दुसरी पायरी: आदल्या दिवशी कोर्स पायी फिरा

बहुतेक संघ शुक्रवारी दुपारी कोर्स बघायला येतात. नवीन मुली त्यात गप्पा मारत जॉगिंग करतात आणि परत जातात. तसं करू नका. एक फेरी तरी शांतपणे चाला.

आधी झेंडे समजून घ्या. अमेरिकेतल्या शाळा-कॉलेजांच्या नियमांत पिवळा झेंडा म्हणजे उजवीकडे वळा, लाल म्हणजे डावीकडे, निळा म्हणजे सरळ. आंतरराष्ट्रीय पद्धत वेगळी आहे: तिथे मार्गाच्या डाव्या कडेला लाल झेंडे आणि उजव्या कडेला पांढरे, आपण मधून धावायचं. भारतात पळून आलेल्या मुलीने हे डोक्यात पक्कं बसवायला हवं, कारण सहाव्या मिनिटाला श्वास फुललेला असताना विचार करायला वेळ नसतो.

मग प्रत्येक वळणावर थांबून बघा: झेंड्याच्या कोणत्या बाजूने जायचं आहे? झेंडा आतून कापला आणि त्यातून फायदा झाला तर बाद केलं जातं. गवतावर रंगाची रेघ मारलेली असेल तर कोचला विचारायला सांगा की ती रेघ म्हणजे मोजलेला मार्ग आहे, की फक्त दिशा दाखवायला मारली आहे. दोन्ही प्रकारचे कोर्स असतात. रेघ नुसती दिशा दाखवत असेल आणि मैदान रुंद असेल, तर एका वळणाच्या आतल्या टोकापासून पुढच्या वळणाच्या आतल्या टोकापर्यंत सरळ धावणं नियमात बसतं. शंभर जणी रेघेवरून वळसा घालत असताना सरळ जाणारी मुलगी फुकटात मीटर वाचवते.

किती वाचतात? काटकोनातलं वळण एक मीटर बाहेरून घेतलं तर साधारण दीड मीटर जास्त धावावं लागतं. पाच मीटर बाहेरून घेतलं तर जवळजवळ आठ मीटर. सहा किलोमीटर वीस मिनिटांत धावणाऱ्या मुलीचा वेग सेकंदाला पाच मीटर असतो, म्हणजे त्या एकाच वळणावर दीड सेकंद गेला. मोठ्या शर्यतीत मधल्या गर्दीत एका सेकंदात दोन-तीन जणी सहज असतात. अशी दहा वळणं असली तर हिशेब तुम्हीच करा.

चालताना रुंद रस्ता अरुंद कुठे होतो, चढ कुठे संपतो, चिखल कुठे साचलाय, शेवटचं वळण झाल्यावर अंतिम रेषा किती लांब दिसते, एवढं तरी लक्षात ठेवावं. चिखल आणि गवताची उंची बघून स्पाइक्सचे, म्हणजे धावण्याच्या बुटांच्या तळाचे, खिळे ठरवतात: कोरड्या, कडक जमिनीवर ६ मिलिमीटरचे पुरतात, चिखलात १२ किंवा १५ चे लावतात. जास्तीचे खिळे आणि पाना सोबत ठेवा, पाऊस रात्रीतून येतो.

तिसरी पायरी: सहा किलोमीटर म्हणजे नक्की किती

एनसीएएच्या पहिल्या विभागात महिलांची राष्ट्रीय शर्यत २००० सालापासून ६ किलोमीटरची आहे. त्याआधी ती ५ ची होती. पुरुष १० किलोमीटर धावतात. जागतिक क्रॉस कंट्री स्पर्धेत २०१७ च्या कंपालापासून वरिष्ठ महिला आणि पुरुष दोघांनाही १० किलोमीटर ठेवलं आहे, आणि कॉलेजांनीही अंतर समान करावं असं माझं ठाम मत आहे. हंगामाच्या सुरुवातीच्या शर्यती बऱ्याचदा ५ किलोमीटरच्या किंवा त्याहूनही छोट्या असतात, म्हणून माहितीपत्रकात अंतर बघून घ्या.

आता महत्त्वाचं. ट्रॅकचे ४०० मीटर म्हणजे ४०० मीटर. गवतावरचे सहा किलोमीटर मात्र कुणीतरी चाक ढकलत मोजलेले असतात, आणि ते कुणी व कसं मोजलं यावर सगळं अवलंबून.

आम्ही कसं मोजतो ते सांगते. मोजणीचं चाक, म्हणजे लांब दांड्याचं, आकडे फिरणारं चाक, थेट कोर्सवर नेत नाही. आधी त्याच गवतावर पोलादी टेप ताणून १०० मीटर आखतो आणि चाक त्यावरून दोन-चार वेळा चालवतो. फरशीवर बरोबर दाखवणारं चाक गवतावर बरोबर दाखवेलच असं नाही. ते उंचवट्यांवरून उडालं, घसरलं, तर फिरायचं राहतं आणि कमी मोजतं. ढकलणारा माणूस नागमोडी चालला किंवा चाक प्रत्येक खळगीत उतरलं, तर जास्त मोजतं. चाकाने १०० मीटरचे १०१ दाखवले आणि आपण तसंच सहा किलोमीटर भरेपर्यंत मोजत गेलो, तर कोर्स प्रत्यक्षात साठ मीटर छोटा होतो. ही चूक चाकाच्या आकड्यात दिसत नाही, कारण तिथे बरोबर ६००० च लिहिलेले असतात.

मग मोजायचं ते सगळ्यात छोट्या कायदेशीर मार्गाने. रस्त्याच्या मधोमध चालून मोजलं तर धावणाऱ्या मुली आतून जातात आणि प्रत्यक्षात कमी धावतात. वळणावर झेंड्याला जवळजवळ चिकटून, दोन वळणांच्या मध्ये सरळ. एकच फेरी दोनदा, शक्यतो दोन वेगळ्या माणसांनी. आकड्यांत काही मीटरांचा फरक येतोच, पण दोन किलोमीटरच्या फेरीत पंधरा-वीस मीटरांचा आला तर तिसऱ्यांदा मोजायचं. चढउतारांची काळजी नवीन लोक उगाच करतात. शंभरात पाचचा चढ दोनशे मीटर असेल, तर सपाट नकाशावरच्या अंतरात त्याने जेमतेम पाव मीटर वाढ होते.

खरी गडबड मोजून झाल्यावर होते. झेंडे शुक्रवारी लावलेले असतात. शनिवारी पहाटे कुणाला तरी दिसतं की अमुक कोपऱ्यात पाणी साचलंय, किंवा तंबू नेमका वाटेत आला आहे, आणि झेंडा दहा मीटर आत सरकवला जातो. जिथे मुली जाऊन परत फिरतात अशा टोकाच्या वळणावरचा झेंडा दहा मीटर सरकला, तर फेरी वीस मीटरने छोटी होते. फेऱ्या तीन असतील तर साठ मीटर, म्हणजे बारा सेकंद. संध्याकाळी सगळ्या संघाच्या मुलींचा ‘आयुष्यातला सर्वोत्तम वेळ’ लागलेला असतो आणि फोटो टाकले जातात. म्हणून आम्ही प्रत्येक मुख्य झेंड्याच्या बुंध्याशी गवतावर रंगाचा ठिपका मारतो. झेंडा हलला तर ठिपका सांगतो कुठे होता.

रस्त्यावरच्या शर्यतींत, जिथे तपासलेल्या सायकलने मोजायची शिस्त आहे, तिथेही चुका होतात. ग्लासगोची २०१६ ची ग्रेट स्कॉटिश रन ही अर्धमॅरेथॉन सुमारे दीडशे मीटर छोटी निघाली आणि त्यात झालेला स्कॉटिश विक्रम रद्द झाला. मग गवतावरच्या शर्यतीत वेळेवर किती भरवसा ठेवायचा ते ठरवा. राष्ट्रीय विजेत्यांच्या वेळा बघा: २०२२ ला स्टिलवॉटरच्या डोंगराळ कोर्सवर केटलिन टूही १९:२७.७, २०२३ ला पॅनोरमा फार्म्सवर पार्कर वॅल्बी १८:५५.२, २०२४ ला मॅडिसनमध्ये डॉरिस लेमन्गोले १९:२१.०. यावरून तिघींत वेगवान कोण हे ठरत नाही. तीन जमिनी, तीन हवामानं, तीन शर्यती.

आणि मनगटावरचं घड्याळ? जीपीएस मोकळ्या मैदानात सरळ धावतानाही बारीक बारीक नागमोडी ठिपके नोंदवतं, त्याने अंतर वाढतं. झाडीत आणि घट्ट वळणांवर ते कोपरे कापतं, त्याने घटतं. वर तुमची मुलगी स्वतः सगळ्यात छोट्या मार्गाने धावलेलीच नसते. तिच्या घड्याळात ६.१ दिसलं म्हणून कोर्स लांब होता असं म्हणता येत नाही. मात्र पन्नास जणींच्या घड्याळांत ५.८ दिसलं, तर मोजणाऱ्यांनी चाक बाहेर काढायला हवं.

एक दिलासा आहे. कोर्स शंभर मीटर चुकला तरी सगळ्याजणी तेवढाच चुकीचा कोर्स धावतात, त्यामुळे गुण बदलत नाहीत. कोर्सची खरी चूक कोणती? काही जणी एका बाजूने गेल्या आणि बाकीच्या दुसऱ्या बाजूने. तसं झालं की निकालाला अर्थ उरत नाही. म्हणून अवघड वळणावर नुसता झेंडा पुरत नाही, दोरी बांधावी आणि माणूस उभा करावा. नवख्या पालकांना स्वयंसेवक व्हायचं असेल तर हेच काम मागून घ्या. उभं राहायचं आणि हात लांब करून दिशा दाखवायची, एवढंच असतं, पण शर्यत त्यावर टिकते.

चौथी पायरी: सुरुवात

रुंद मैदानावर चुन्याने किंवा रंगाने चौकटी आखलेल्या असतात, प्रत्येक संघाला एक. पहिली फळी बहुधा दोघी-तिघींची, बाकीच्या मागे. राष्ट्रीय शर्यतीत ३१ संघ आणि ३८ वैयक्तिक धावपटू असतात, म्हणजे अडीचशेहून जास्त मुली एकाच वेळी सुटतात. पहिल्या शंभर मीटरांत धक्काबुक्कीने कुणी पडलं तर पुन्हा बंदूक वाजवून सगळ्यांना मागे बोलावतात. तेव्हा घाबरू नका, परत या.

पहिले चारशे मीटर सगळ्याच जोरात जातात, आणि त्याला कारण आहे. रस्ता अरुंद होण्याआधी जागा मिळाली नाही तर नंतर दोनशे जणींच्या भिंतीमागे अडकायला होतं. इंडियानातल्या टेरे होटचा लाव्हर्न गिब्सन कोर्स खास क्रॉस कंट्रीसाठीच, जुन्या कोळसा खाणीच्या जमिनीवर बांधलेला आहे. तिथे सुरुवात लांब आणि रुंद असल्याने थोडा वेळ मिळतो. एखाद्या उद्यानातल्या कोर्सवर दोनशे मीटरांवर झाडीतली पायवाट असेल तर हिशेबच वेगळा. हे शुक्रवारी बघितलेलं असलं पाहिजे.

पहिल्या वर्षाच्या मुलीला माझा सल्ला: संघातल्या तुझ्याच वेगाच्या, पण अनुभवी मुलीला शोध आणि तिच्या खांद्याशी राहा. पहिल्या किलोमीटरला ती जिथे असेल तिथे असणं, हे एकच काम. आणि पहिल्या वळणाला आतली बाजू धरू नको. सगळ्यांनाच छोटा मार्ग हवा असतो आणि तिथे कोंडी होते. सुरुवातीच्या गर्दीत तीन मीटर बाहेरून मोकळं धावणं परवडतं. आतली रेघ धरायची ती गर्दी पांगल्यावर.

पाचवी पायरी: मधले तीन किलोमीटर

शर्यत इथे जिंकतात. टीव्हीवर मात्र कॅमेरा पुढच्या चौघींवर असतो.

२०२२ ला स्टिलवॉटरमध्ये वॅल्बी पुढे होती आणि टूहीने तिला शेवटच्या टप्प्यात गाठून मागे टाकलं. थरारक शर्यत होती. पण संघाच्या हिशेबात पहिली आणि दुसरी यांत एका गुणाचा फरक. त्याच वेळी मागे, साठाव्या-सत्तराव्या क्रमांकावर, एखादी मुलगी पाच सेकंद वेगाने धावली तर ती दहा-बारा जणींना ओलांडते, म्हणजे दहा-बारा गुण. गर्दीत एका सेकंदाची किंमत सगळ्यात जास्त असते, आणि गर्दीत असतात त्या तिसरी, चौथी, पाचवी.

म्हणून संघ दोन-तीन जणींच्या जोड्या बनवतात. जोडीतल्या मुली एकमेकींना दिसतील अशा धावतात, एक खचू लागली की दुसरी दोन शब्द बोलते. चौथ्या किलोमीटरला मन सगळ्यात कमजोर असतं. दोन किलोमीटर झाल्याचा उत्साह संपलेला, आणि शेवट अजून दिसत नाही. तेव्हा पुढचा एक रंग निवडायचा, त्या बनियनपर्यंत पोहोचायचं, ओलांडायचं, पुढचा निवडायचा.

चढावर जीव काढून कुणाला ओलांडू नका. चढ संपतो तिथे बहुतेक जणी सुस्कारा टाकतात. माथ्यानंतरची वीस पावलं जोर कायम ठेवला तर दोन-तीन जणी तिथेच मागे पडतात. वळणाचंही तसंच: वळून बाहेर पडताना मागच्यांना तुम्ही क्षणभर दिसत नाही, तेवढ्यात अंतर वाढवा. उतारावर मागे झुकून ब्रेक लावू नका, पावलं छोटी आणि भराभर टाका.

इथेच एक गोष्ट सांगते, कारण पाचवी मुलगी नोव्हेंबरात सुरुवातीच्या रेषेवर उभी असायला हवी. ऑक्टोबरात नडगीचं किंवा पायाच्या पंजाचं हाड तडकून मुली हंगामाबाहेर जातात, आणि यामागे पुष्कळदा कमी खाणं असतं. आठवड्याला कितीतरी किलोमीटर धावणाऱ्या मुलीला आपल्या घरातल्या नेहमीच्या ताटाहून बरंच जास्त लागतं. पाळी थांबली तर ‘ट्रेनिंगमुळे होतं’ म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांकडे न्या. रक्तातलं लोह, फेरिटिनसकट (म्हणजे शरीरातला लोहाचा साठा), हंगामाआधी तपासून घ्या. शाकाहारी मुलींनी तर नक्कीच. वजनावरून टोमणे मारणारा कोच असेल तर त्याच्या टीममध्ये राहायलाच हवं असं नाही.

सहावी पायरी: शेवटचा किलोमीटर

पुढची मुलगी शेवटचे दोनशे मीटर जोर लावते, कारण तिला समोर कोण आहे ते दिसतं. पाचवीला दिसत नाही की तिच्या पुढे-मागे दहा मीटरांत किती गुण आहेत, म्हणून तिने पाचशे मीटर आधीपासूनच वेग वाढवायला सुरुवात करावी. सहावी आणि सातवीनेही. संघाच्या पाच जणी पुढे गेल्या म्हणून सैल पडलेली सहावी काय गमावते ते वर लाल-निळ्याच्या गणितात पाहिलंच.

वेळेची चिप बुटाला किंवा घोट्याला असते, पण क्रमांक धडाने ठरतो: धड रेषेवरून कधी गेलं ते कॅमेऱ्यात बघतात. पाय पुढे टाकून काही मिळत नाही, छाती पुढे झुकवा. आणि रेषेच्या पलीकडे पाच मीटरवर दुसरी रेषा आहे असं समजून धावा. रेषेवर येता येता वेग कमी करणाऱ्या मुलीला एक-दोन जणी हमखास गाठतात.

सातवी पायरी: आईबाबांनी कुठे उभं राहायचं

नकाशा घ्या आणि अशी जागा शोधा जिथून फेऱ्या दोनदा-तीनदा दिसतात. मैदानावर बहुतेक वेळा दीडशे-दोनशे मीटर धावत एका ठिकाणाहून दुसरीकडे जाता येतं, म्हणून बूट चांगले घाला. गवत ओलं असतं.

एकाने मोजायचं, एकाने ओरडायचं. मोजणाऱ्याने आपल्या संघाच्या पाचवीचा क्रमांक मोजावा, मुख्य प्रतिस्पर्ध्याच्या पाचवीचाही. ओरडणाऱ्याने ‘छान चाललंय’ असं ओरडून उपयोग नाही. ‘पुढची हिरवी दहा पावलांवर, धर तिला!’ हे मराठीत ओरडलात तर प्रतिस्पर्ध्यांना कळतही नाही. ‘तू ४३ वी आहेस’ हेही चालेल. वेळ सांगू नका, किलोमीटरची पाटी कुठे लावली आहे त्यावर तो अवलंबून असतो. मुलीच्या बाजूने कोर्सवर धावू नका. बाहेरच्या माणसाने सोबत धावणं ही मदत मानली जाते आणि त्याची शिक्षा मुलीला होते.

आठवी पायरी: निकाल वाचणं आणि पुढचा रस्ता

संघांच्या निकालात आधी पाच आकडे बेरजेत, मग सहावी-सातवीचे कंसात दिसतात. बेरीज बघून झाल्यावर पाचवा आकडा आणि कंसातला पहिला आकडा यांत किती अंतर आहे ते बघा. ते कमी असेल तर संघ खोल आहे, एखादी आजारी पडली तरी निभावेल. चौथ्या आणि पाचव्या आकड्यांत मोठी दरी असेल तर कोच पुढचे तीन आठवडे कशावर काम करणार ते तुम्हाला आत्ताच कळलं.

पहिल्या विभागात ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीला कॉन्फरन्सच्या, म्हणजे कॉलेजांच्या गटांच्या, शर्यती होतात, नोव्हेंबरच्या मध्यावर नऊ प्रादेशिक शर्यती. प्रत्येक प्रदेशातले पहिले दोन संघ थेट राष्ट्रीय स्पर्धेत, असे १८. उरलेले १३ संघ निवडले जातात, आणि निवडताना हंगामात कोणत्या पात्र संघांना तुम्ही हरवलंत ते बघतात. म्हणून सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात विस्कॉन्सिनच्या नटीकोम इन्व्हिटेशनलसारख्या मोठ्या शर्यतीत एखाद्या बलाढ्य संघाला मागे टाकलेलं नोव्हेंबरात उपयोगी येतं. तिथेही वेळ कुणी विचारत नाही.

निकालात चूक दिसली, मुलीचा क्रमांक चुकला किंवा कुणी झेंडा कापताना दिसलं, तर पालकांनी अधिकाऱ्यांच्या तंबूत जाऊ नये. तक्रार कोचच करू शकतात, आणि निकाल जाहीर झाल्यावर तिला ठरावीक मुदत असते. लगेच कोचला गाठा, बिब क्रमांक (छातीवर लावलेला) आणि कोणतं वळण ते नेमकं सांगा, व्हिडिओ असेल तर फोन हातात द्या.